ऑर्लँडोचं डिस्ने : मुक्काम आत करायचा की बाहेर?

डिस्ने वर्ल्डची सहल ठरली की घरात पहिला वाद तिकिटांवरून होत नाही, हॉटेलवरून होतो. एकजण म्हणतो, आतल्या खोलीच्या भाड्यात बाहेर अख्खं घर मिळतं. दुसरा म्हणतो, एवढे पैसे घालून जायचं तर रोज गाडी हाकत कशाला बसायचं? दोघंही खोलीचं भाडं समोर ठेवून बोलत असतात, आणि चूक तिथेच होते. तुलना रात्रीच्या भाड्याची नको, पार्कमधल्या एका दिवसाच्या पूर्ण खर्चाची करा. त्यासोबत त्या दिवशी सकाळी किती वाजता दाराशी पोहोचता आणि दुपारी खोलीवर परतता येतं की नाही, हेही मोजा.

आधी जागेचा अंदाज घ्या. १९७१ साली सुरू झालेलं हे ठिकाण साधारण २५ हजार एकरांवर पसरलेलं आहे. मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम ही चार पार्क एकमेकांना लागून नाहीत, मध्ये हमरस्ते, तळी आणि जंगल आहे. त्यामुळे 'आत राहतो' म्हणजे 'जवळ राहतो' असं नाही. ऑल-स्टार नावाची तीन स्वस्त हॉटेलं डिस्नेचीच आहेत, पण तिथून कुठल्याही पार्कला बसनेच जावं लागतं. ॲनिमल किंगडम लॉजच्या नावावर तर कितीतरी लोक फसतात. बाल्कनीतून जिराफ दिसतात हे खरं, पण त्याच नावाच्या पार्कलाही तिथून चालत जाता येत नाही, बसच पकडावी लागते.

आतले प्रकार तीन. व्हॅल्यू गटात ऑल-स्टार मूव्हीज, म्युझिक, स्पोर्ट्स, पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन. मॉडरेट गटात कॅरिबियन बीच, कोरोनाडो स्प्रिंग्ज आणि पोर्ट ऑर्लिन्सची दोन. डीलक्समध्ये कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन, यॉट क्लब, बीच क्लब, बोर्डवॉक, वाइल्डरनेस लॉज, ॲनिमल किंगडम लॉज. या तारांकित उतरंडीपेक्षा पार्कला जाण्याची सोय महत्त्वाची. कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन मोनोरेलवर आहेत आणि तिन्हींपासून मॅजिक किंगडमला पायवाटही आहे. कंटेम्पररीपासून तर दहा मिनिटांत दार. यॉट, बीच आणि बोर्डवॉकहून एपकॉटचं मागचं दार चालत गाठता येतं. पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ ॲनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा ही २०१९ मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर रोपवेवर आहेत. हा रोपवे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला नेतो. आत राहायचं पण हात आखडता घ्यायचा असेल, तर आमचं मत सरळ पॉप सेंच्युरीला. व्हॅल्यूच्या भाड्यात रोपवे मिळतो, आणि चार पार्कांपैकी दोन पार्कांसाठी बसची वाट बघावी लागत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. विजा चमकू लागल्या की रोपवे बंद होतो, आणि फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी वादळी पाऊस हा जवळजवळ रोजचा पाहुणा. तेव्हा बस लागते.

'बाहेर' हाही एकच प्रकार नाही. डिस्नेच्याच जमिनीवर पण दुसऱ्या कंपन्यांची हॉटेलं आहेत : स्वॉन, डॉल्फिन, फोर सीझन्स, डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेजवळची रांग. तीन बाजूंनी डिस्नेच्या जमिनीने वेढलेलं बॉनेट क्रीक आहे. मग किसिमीचा १९२ क्रमांकाचा रस्ता, जिथे स्वस्त मोटेलं आणि भाड्याची घरं मिळतात. आणि इंटरनॅशनल ड्राइव्ह. हा शेवटचा भाग युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांना सोयीचा, डिस्नेला नाही. फोटो बघून तिथे हॉटेल घेणारे आय-फोर महामार्गावर संध्याकाळी अडकतात आणि रोज तास-दीड तास गाडीत घालवतात. नकाशावर हॉटेलपासून 'डिस्ने वर्ल्ड' शोधू नका. त्या नावाने नकाशा कुठेतरी मधोमध टाचणी टोचतो. चारही पार्कांची नावं वेगवेगळी टाका, आणि वेळ सकाळी आठची लावून बघा.

हिशेब कसा मांडायचा

खालचे भाव नमुन्याचे आहेत. तुमच्या तारखांचे आकडे त्या जागी घाला, पद्धत तीच ठेवा.

चौघांचं कुटुंब, विमानाने येणारं. आतली व्हॅल्यू खोली १८० डॉलर, त्यावर ऑरेंज काउंटीचा १२.५ टक्के कर, म्हणजे २०२.५०. पार्किंग, बस, रोपवे यांचे वेगळे पैसे नाहीत. बाहेरचं हॉटेल १२० डॉलर दिसतं, पण त्यावर ३५ डॉलर रिसॉर्ट फी (हॉटेलची सक्तीची जादा फी), मग कर, झाले १७४ च्या पुढे. हॉटेलचं रात्रीचं पार्किंग २० धरा. पार्कचं पार्किंग ३०. भाड्याची गाडी रोजची ६५. बेरीज २८९ वर जाते. स्वस्त हॉटेल महाग पडतं ते असं. गाडी न घेता हॉटेलच्या फुकट शटलवर भिस्त ठेवली तर बाहेर १७४, आत २०२. त्या २८ डॉलरमध्ये तुम्ही काय विकत घेताय ते शटलचं वेळापत्रक मागवून बघा. दिवसात दोन-तीनच फेऱ्या, तीन-चार हॉटेलांचे थांबे आणि रात्रीची शेवटची गाडी आतषबाजीच्या आधीच सुटणारी असेल, तर २८ डॉलर फार नाहीत.

मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांना सक्तीची फी धरूनच भाडं दाखवावं लागतं. तरी कर आणि पार्किंग त्यात नसतात, म्हणून बुकिंगच्या शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय आकडा लिहू नका.

आता सहा जणांचं कुटुंब : नवरा-बायको, दोन मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चौघंच मावतात, तीन वर्षांखालचं बाळ पाळण्यात असेल तर ते वेगळं. शिवाय एका खोलीत दोनपेक्षा जास्त प्रौढ असले की डिस्ने प्रत्येक जादा माणसामागे रोजचे पैसे लावतं. हे बऱ्याच जणांना बिल बघून कळतं. म्हणून दोन खोल्या : ३६० अधिक कर, ४०५ डॉलर. बाहेर किसिमीत तीन बेडरूमचं घर २२० डॉलर, तिथला ऑसिओला काउंटीचा कर १३.५ टक्के, म्हणजे २४९.७०. साफसफाईचे एकरकमी २०० डॉलर करासह पाच रात्रींत वाटले तर रोजचे ४५.४०. गाडी ६५, पार्किंग ३०, पेट्रोल आणि टोल १०. बेरीज ४००. म्हणजे बरोबरी! पारडं कशाने झुकतं? अटलांटाहून किंवा शार्लटहून स्वतःच्या गाडीने येत असाल तर ६५ डॉलर गळतात आणि बाहेरचं घर स्वस्त पडतं. त्यात स्वयंपाकघर. सहा जणांचा फूड कोर्टातला नाश्ता ७०-८० डॉलरला सहज जातो. घरी पोहे आणि चहा करून निघालात तर चार दिवसांत तीनशे डॉलर वाचले.

पार्कच्या पार्किंगचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये २५ वरून ३० डॉलर झाला. निघण्याआधी ताजा दर बघा. एकदा भरलेले पैसे त्या दिवशी चारही पार्कांना चालतात, पावती जपून ठेवा.

सकाळचा अर्धा तास

आत राहणाऱ्यांना चारही पार्कांत रोज नेहमीच्या वेळेआधी अर्धा तास प्रवेश मिळतो. स्वॉन-डॉल्फिनसारख्या काही हॉटेलांनाही हा लाभ आहे. यादी बदलत असते, तुमच्या तारखेची यादी डिस्नेच्या संकेतस्थळावरच तपासा, हॉटेलच्या जाहिरातीवर जाऊ नका. अर्ध्या तासाने काय होतं? सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनसारख्या राइडला दुपारी तासाभराची रांग असते, ती सकाळी पंधरा-वीस मिनिटांत होऊ शकते. पण अट अशी की त्या अर्ध्या तासाच्याही आधी तुम्ही दाराशी हवेत. ज्या घरात सुटीच्या दिवशी नऊला डोळे उघडतात, त्यांनी या सवलतीची किंमत शून्य धरावी. हे कडू वाटेल, पण हिशेब प्रामाणिक हवा.

डीलक्सवाल्यांना ठराविक रात्री ठराविक पार्क बंद झाल्यावर आणखी दोन तास थांबता येतं. पाच वर्षांचं मूल रात्री अकराला कडेवर झोपलेलं असेल, तर त्याचाही उपयोग नाही. मुलं मोठी असतील तर मात्र हे दोन तास सोन्याचे. रांगा जवळपास नसतात.

दुसरा फरक लायटनिंग लेनचा. रांग चुकवायचा हा पास आत राहिलात म्हणून फुकट मिळत नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. पैसे सगळ्यांनाच पडतात. फरक एवढाच की आतले पाहुणे मुक्काम सुरू होण्याच्या सात दिवस आधी, सकाळी सातला, पूर्ण मुक्कामाचे (जास्तीत जास्त चौदा दिवसांचे) पास घेऊ शकतात. बाहेरचे प्रत्येक पार्क-दिवसाच्या तीन दिवस आधी. वेळ ऑर्लँडोची, म्हणजे कॅलिफोर्नियात पहाटेचे चार. गर्दीच्या आठवड्यात लोकप्रिय राइडच्या चांगल्या वेळा तिसऱ्या दिवसापर्यंत आतल्यांनी उचललेल्या असतात. म्हणून नाताळचा आठवडा, थँक्सगिव्हिंग, मार्च-एप्रिलची स्प्रिंग ब्रेक असेल तर आत राहण्याचं वजन वाढतं. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यावर जात असाल तर तेवढं राहत नाही.

टेबल राखून जेवायच्या उपाहारगृहांचं बुकिंग सगळ्यांना साठ दिवस आधी खुलं होतं. आतल्यांना पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधी पुढच्या दहा दिवसांचंही करता येतं.

या सगळ्यात लोक चुकतात ते डिस्नेच्या ॲपमध्ये. हॉटेल दुसऱ्या संकेतस्थळावरून घेतलं आणि कन्फर्मेशन नंबर माय डिस्ने एक्स्पीरियन्समध्ये जोडलाच नाही, तर ॲपच्या लेखी तुम्ही बाहेरचेच. सात दिवस आधी पहाटे उठून बसायचं आणि पडद्यावर 'तीन दिवसांनी या'. नंबर जोडणं, त्याखाली सगळ्या माणसांची तिकिटं जोडणं, हे दहा दिवस आधी उरकून ठेवा.

दुपार, बाबागाडी आणि आजी-आजोबा

मॅजिक किंगडम बाहेरच्यांना सगळ्यात त्रासाचं. त्याचं पार्किंग पार्कच्या दाराशी नाहीच. गाडी लावायची, ट्रामने किंवा चालत वाहतूक केंद्रावर यायचं, मग मोनोरेल किंवा होडीने तळं ओलांडायचं. उबर आणि बाहेरच्या हॉटेलांची शटलंही त्याच केंद्रावर सोडतात. आतल्या हॉटेलांच्या बस मात्र थेट पार्कच्या दाराजवळ थांबतात. १९२ च्या रस्त्यावरून निघून पार्कमध्ये पाऊल पडेपर्यंत पाऊण ते एक तास धरा. बाकीच्या तीन पार्कांना हे अवघड नाही, पार्किंग दाराजवळच आहे. म्हणून बाहेर राहात असाल तर मॅजिक किंगडमच्या दिवशी दुपारी परतण्याचा बेत करू नका. जाऊन येऊन दोन तास त्यातच जातात.

आणि दुपारी परतणं ही ऐषाराम नाही. जुलैत ३३-३४ अंश, दमट हवा, दोन वाजता रांगा सर्वांत लांब. चार वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा दोघंही तेव्हा थकलेले असतात. दोन तास एसीत आडवं होऊन सहाला पुन्हा आलं की आतषबाजीपर्यंत तग धरतात. ज्यांच्यासोबत अशी दोन टोकांची मंडळी आहेत, त्यांना आम्ही मोनोरेल किंवा रोपवेवरचं हॉटेल सुचवू, मग मुक्काम एक रात्र कमी करावा लागला तरी चालेल.

बाबागाडीचं असं की मोनोरेलमध्ये ती उघडीच नेता येते, रोपवेतही मावत असेल तर दुमडावी लागत नाही, पण बसमध्ये साधारणपणे मुलाला उतरवून, सामान काढून दुमडावी लागते. रात्री दहाच्या भरलेल्या बसमध्ये झोपलेलं मूल, दोन पिशव्या आणि दुमडलेली गाडी एकाच वेळी सांभाळून बघा, म्हणजे ऑल-स्टार आणि पॉप सेंच्युरीच्या भाड्यातल्या फरकाचं कारण कळेल. ७९ बाय १३२ सेंटिमीटरपेक्षा मोठी बाबागाडी पार्कातच घेत नाहीत.

गाडी घेणार असाल तर फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला कार सीट किंवा वयानुसार बूस्टर लागतो, उबरमध्ये तो तुम्हीच न्यायचा. डिस्नेच्या बसमध्ये ही भानगड नाही.

आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर पार्कमध्ये भाड्याने मिळते, पण ती त्या पार्कच्या बाहेर नेता येत नाही. पार्किंगपासून दारापर्यंतचं चालणं त्यात वाचत नाही. चालायचा खरोखर त्रास असेल तर हॉटेलवर पोचवणाऱ्या खासगी कंपनीकडून पूर्ण मुक्कामासाठी घ्या.

विमानतळाचं एक जुनं वाक्य अजून कानावर येतं : 'आत राहिलं की विमानतळावरून फुकट बस येते.' ती सोय जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. आता पैसे भरून शटल किंवा उबर. सहा जणांना सामानासह मोठी गाडी लागते, तो खर्च आतल्या हिशेबात एकदा धरा.

जेवणाचा प्रश्न

इथे मराठी घरांचा निर्णय बऱ्याचदा फिरतो. डिस्नेत शाकाहारी खाणं मिळतं, वनस्पतीजन्य पदार्थांवर पानाची खूण असते. ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहात नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, तिथे राहात नसलात तरी टेबल राखून जाता येतं. पण कांदा-लसूण न खाणाऱ्या किंवा उपवास कडक पाळणाऱ्या सासूबाई बरोबर असतील, तर पाच दिवस फूड कोर्टावर काढणं अवघड. व्हॅल्यू खोलीत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह नसतो, तो फूड कोर्टात. खोलीत राइस कुकर आणि इंडक्शन काढून फोडणी द्यायचा विचार असेल तर सोडून द्या, धुराचा अलार्म वाजेल. स्वयंपाकघर हवंच असेल तर बाहेरचं घर, किंवा आतल्या डीलक्स व्हिलांपैकी पूर्ण स्वयंपाकघर असलेला एक बेडरूमचा संच, जो बराच महाग असतो.

मधला मार्ग आहे. डिस्ने पार्कमध्ये घरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेच्या बाटल्या, दारू आणि सुटा बर्फ तेवढा चालत नाही, आणि गरम करायची सोय मिळेल असं धरू नका. थेपले, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, चिवडा हे सगळं या नियमात चोख बसतं. ऑर्लँडोत साउथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेलवर भारतीय किराणा आणि शाकाहारी खानावळी आहेत. गाडी असेल तर पहिल्याच दिवशी तिथून फेरी मारून या.

युनिव्हर्सलला हा हिशेब लागू नाही

सहलीत युनिव्हर्सलही असेल तर तिथे नियम वेगळे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं की खोलीतल्या सर्वांना युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन पार्कांचा रांग चुकवायचा अमर्याद एक्स्प्रेस पास भाड्यातच मिळतो, आणि तो चेक-इन व चेक-आउट अशा दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एक रात्र, दोन दिवस. चौघांचे सुटे एक्स्प्रेस पास दोन दिवसांसाठी किती होतात ते बघा, गर्दीच्या दिवसांत ती एक महागडी रात्र अनेकदा स्वस्त निघते. मात्र मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या तिसऱ्या पार्कला हा पास चालत नाही, आणि एंडलेस समरसारख्या स्वस्त हॉटेलांना तो मिळतच नाही.

दोन्हीकडे थोडं थोडं

सात-आठ दिवसांची सहल असेल तर मुक्काम तोडता येतो. आधी बाहेर : जेट लॅग, किराणा, केनेडी स्पेस सेंटर, पोहण्याचा तलाव. मग शेवटच्या दोन रात्री आत. चेक-इन आणि चेक-आउट दोन्ही दिवशी लवकर प्रवेश मिळत असल्याने दोन रात्रींत तीन सकाळी हाती येतात. त्यातली एक मॅजिक किंगडमला ठेवा, एक हॉलिवूड स्टुडिओजला. सात दिवसांची लायटनिंग लेनची मोजणी मात्र आतल्या चेक-इनपासून सुरू होते, सहलीच्या पहिल्या दिवसापासून नाही.

बुकिंग करताना नुसती खोली घ्यायची की तिकिटांसह पॅकेज, हे रद्द करण्याच्या अटी वाचून ठरवा. नुसती खोली येण्याच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द केली तर पैसे परत मिळतात, पॅकेजला ही मुदत तीस दिवसांची आहे. व्हिसाची तारीख लागायची असलेले आई-वडील येणार असतील तर नुसती खोली घ्या. म्हणून आधी आतली खोली धरून ठेवा, मग निवांत बाहेरची घरं शोधा. घरांच्या अटी सहसा जास्त कडक असतात.

मुक्काम बदलण्याच्या दिवशी सकाळी आठलाच आतल्या हॉटेलवर जा. खोली दुपारी तीन-चारनंतर मिळते, पण बॅगा बेल सर्व्हिसकडे ठेवून तुम्ही थेट पार्कला जाऊ शकता. डिस्ने एका आतल्या हॉटेलातून दुसऱ्या आतल्या हॉटेलात सामान पोचवतं, बाहेरून आत आणत नाही, ते तुम्हालाच आणायचंय. औषधं, बाळाचं दूध आणि दुपारचे थेपले असलेली पिशवी मात्र बेल सर्व्हिसकडे देऊ नका.